मेलेल्या टाकीचं नितळ पाणी

१

खून झाला, याबद्दल हिरडीटोल्यात दुमत नव्हतं. मेले ते मात्र इतके बारीक होते की जिवंतपणी त्यांना कोणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, आणि मेल्यावर त्यांचा फक्त वास आला.

तो वास पहिल्यांदा घेतला अंजू सयामनं. अंजू ही गावातल्या मुलींच्या आश्रमशाळेची अधीक्षिका. वसतिगृहातल्या सगळ्या मुलींचं दुखणंखुपणं, भांडणं, उवा, परीक्षा आणि आसवं तिच्या पदरात. त्या सकाळी ती वसतिगृहामागच्या सांडपाण्याच्या टाकीकडे तरातरा निघाली, कारण टाकी सांभाळणारा ओमेश कालपासून गायब होता, त्याचा फोन बंद होता आणि सोमवारी जिल्ह्याहून समिती यायची होती.

समितीचं भय साधं नव्हतं. पूर्वी वसतिगृहाचं सगळं घाण पाणी नाल्यानं वाहत खालच्या टोल्याच्या, म्हणजे वस्तीच्या, बोडीत जायचं. बोडी म्हणजे छोटा तलाव. टोल्याची मासोळी, गुरं, धुणं सगळं त्यातच, आणि उन्हाळ्यात पिणंसुद्धा. एका वर्षी टोल्यात कावीळ पसरली आणि वरून हुकूम आला, पाणी शुद्ध करा नाहीतर वसतिगृह बंद करा. मग ही टाकी आली. हवा मारणारा ब्लोअर, केसाहून बारीक छिद्रांच्या पडद्यांची गाळणी आणि शेवटी जंतू मारणारा जांभळा दिवा. एवढ्याशा गावात एवढं मोठं यंत्र, म्हणून बघायला सालेकशाहून माणसं आली होती. उद्घाटनाला नागपूरचा इंजिनिअर म्हणाला होता, "यंत्र काही करत नाही. करतात ते आतले जीव. घाण हेच त्यांचं जेवण. तुमच्या मुलींसारखे त्यांचेही लाड करा." ते ऐकून स्वयंपाकीण धुरपताबाईनं टाकीला हळदीकुंकू वाहिलं, आणि इंजिनिअर खो खो हसला.

वसतिगृह बंद झालं तर इथल्या मुली पार दूरच्या शाळेत वाटल्या जाणार होत्या, आणि दरेकसाकडच्या डोंगरातल्या मुली तेवढ्या दूर जाणार नव्हत्या. हे अंजूला पाठ होतं. दहावीतली रीना तर आतापासूनच सगळ्यांना इंजेक्शनची धमकी देत हिंडायची, कारण तिला नर्स व्हायचं होतं. त्या रीनाचं काय, हा एकच प्रश्न अंजूला झोपू देत नव्हता.

टाकीच्या खोलीचं कुलूप तिनं लोखंडी सबलीनं तोडलं. दार उघडलं आणि तिचा पदर आपोआप नाकाला गेला.

टाकी काळीकुट्ट होती. एरवी तपकिरी पाणी खळखळत असायचं तिथं जाड काळी साय धरली होती. ब्लोअर मात्र नेहमीसारखा घुमत होता. अंजूनं वाकून बघितलं, तर हवेचा पाइप टाकीतून उपसून भिंतीला टेकवून ठेवलेला, आणि ब्लोअर बिचारा भिंतीला वारा घालत होता.

ती पायरीवर बसली. संपलं, असंच तिला वाटलं. मग बाहेरून पाण्याचा आवाज आला म्हणून ती उठून मागच्या हौदाकडे गेली. शुद्ध झालेलं पाणी जिथून पडतं तो नळ चालू होता. तिनं ओंजळ धरली, वास घेतला.

पाणी नितळ होतं. आत सगळं मेलेलं होतं आणि बाहेर पाणी नितळ पडत होतं.

२

मुख्याध्यापक हेमराज बिसेन काखेतली पिशवी सावरत धावत आले. साठीला टेकलेला, सज्जन, घाबरट माणूस. नाकाला रुमाल लावून ते टाकीभोवती फिरले आणि ब्लोअरच्या मागून त्यांनी एक प्लास्टिकचा डबा काढला. संडास धुवायच्या ॲसिडचा. रिकामा.

"हे पाहा मॅडम. टाकला यात आणि पळाला तो."

"ओमेश? काऊन टाकेल तो?"

"मागच्या आठवड्यात मी त्याले पोरींसमोर झापलो. राग धरला असंल. आजकालच्या पोट्ट्यायचं काही सांगता येते काय?" सरांनी रुमालानं कपाळ पुसलं. "सोमवारी साहेबाले हेच सांगू. माणसानं विष टाकलं, त्यात शाळेचा का दोष? नवीन जीव आणून टाकतील टाकीत. वसतिगृह वाचते."

ऐकायला ते इतकं सोयीचं होतं की अंजूला क्षणभर बरं वाटलं. पण मुलींची गणितं तपासत आल्यानं तिला एक खोड होती. उत्तर फार लवकर बरोबर आलं की ती रीत तपासायची. ॲसिड जिथं सांडतं तिथं सिमेंट खाऊन पांढरं पडतं. टाकीच्या काठावर असा एकही डाग नव्हता.

आणि राग काय एकट्या ओमेशलाच होता? टाकीला लागून चुन्नीलाल शेठचं शेत होतं. गोंदियात राइस मिल, इथं धानाची बांधी. शुद्ध झालेलं पाणी आपल्या उन्हाळी धानाला द्या म्हणून त्यानं हात जोडले होते, आणि शाळेनं नाही म्हटल्यावर, ही टाकी बंद पाडून दाखवतो, असं भर चौकात म्हणाला होता. अंजू तशीच बांधावर गेली. शेठ तुरीच्या ओळी बघत उभा होता.

"मैं कायको मारूंगा मॅडम?" तो उखडला. "मले तर तो पाणी पाहिजे होता. कौन अपने दुधाची गाय मारते?"

"दूध मिळत कुठं होतं तुम्हाला?"

चुन्नीलाल जरा ओशाळला. "अब आपसे क्या छुपाना. हौद भरला की झिरपत होता इकडे थोडा. त्या कोपऱ्यातला धान बिना खाद के काळा हिरवा राहात होता. एकदम झकास. पर इस बार होली के बाद पिवळा पडला. मी तवाच म्हटलो, टंकी में दम नही रहा."

"होळीनंतर?"

"हाँ. बरसात तक तो पाणी भी नहीं आता था ठीक से. आता येते, पर त्यात ताकद नाही. साधा पाणी आहे तो."

अंजू परत आली ती थेट टाकीच्या खोलीत. आता वासाची तिला थोडी सवय झाली होती. ती काठावर गुडघे टेकून बसली आणि त्या काळ्या सायीकडे नीट बघू लागली. खिडकीच्या उजेडात कडेला काहीतरी हिरवं दिसत होतं. तिनं काडीनं ढोसलं.

सायीवर गवत उगवलं होतं. चांगलं बोटभर उंच, मुळं धरलेलं.

३

काल कोणी ॲसिड ओतलं तर आज त्यावर गवत उगवत नाही. टाकी मरून महिने लोटले होते. मग हा ताजा, कोरा, लेबलासकट चकचकीत डबा तिथं कसा आला?

स्वयंपाकघरात धुरपताबाई भाताचं पसावण काढत होती. डबा पाहताच तिनं झारा खाली ठेवला.

"हा तर माझा आहे वो! काल सांजी कोठीत ठेवली मी. भरेल होता. कोण सांडवला?"

"कोठीची चावी कोणाकडे असते?"

"सकाळी सरच घेऊन गेले ना. म्हणे, तांदूळ मोजतो." बोलता बोलता बाईच्या लक्षात आलं आणि तिनं तोंडावर हात ठेवला. "आता बाप्पा! मी काही नाही म्हटली, मॅडम."

अंजूनं तिला पाट दिला, स्वतः खाली बसली. सरांनी डबा ठेवला हे उघड होतं. पण सरांनी टाकी मारली असं त्यातून निघत नव्हतं. टाकी आधीच मेलेली आहे हे त्यांना ठाऊक होतं, एवढंच निघत होतं.

"बाई, हौदाचं पाणी तुम्ही कशाला वापरता?"

"फरशी पुसाले. वाडीतल्या भाजीले. पण आता मले तो पाणी आवडत नाही. बादल्या पाहा कशा करून टाकल्या." तिनं कोपऱ्यातली पांढरी बादली दाखवली. आतून तांबूस कडं बसलं होतं. "पैले असं होत नव्हतं. बरसात लागली तवापासून होऊन राहिलं. हातपंपाच्या पाण्यानं होते ना, तसं. आन् वाडीतल्या भाजीचा तर होळीपासूनच जीव गेला. तवा भाजी खाले तरी कोण होतं म्हणा."

शाळेच्या हातपंपाच्या पाण्यात लोखंड आहे, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. त्या पाण्यात वरण शिजत नाही, भात पिवळा होतो, म्हणून स्वयंपाकाला विहिरीचं पाणी. हातपंपाकडे कोणी फिरकत नसे. अंजू उठली आणि स्वयंपाकघराच्या मागून गेली.

हातपंपाभोवती कमरेएवढा तरोटा माजला होता. तिनं तो हातानं बाजूला सारला. पंपाचं डोकं कधीच काढलेलं होतं. बोअरमध्ये मोटार सोडली होती, आणि तिथून निघालेला काळा पाइप मातीखालून सरळ टाकीच्या दिशेनं गेला होता. हौदात पडणारं नितळ पाणी टाकीतून गाळून आलेलंच नव्हतं. ते जमिनीतून आलं होतं. प्रत्येक पाहुण्याच्या हाती काचेच्या पेल्यात देऊन, बघा कसं शुद्ध केलंय, म्हणून आपण दाखवत होतो ते हेच, हे आठवून अंजूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वसतिगृहातून मुलींच्या आंघोळीचा गलबला ऐकू येत होता. बादल्या आपटत होत्या, मोरीतून पाणी धो धो वाहत होतं. अंजू ते ऐकत उभी राहिली.

हे पाणी टाकीत जात नाही. मग ते जातंय कुठं?

४

उत्तर शोधायला फार लांब जावं लागलं नाही. टाकीच्या अलीकडे एक झाकण होतं, त्याखाली पाण्याची वाट बदलायची चावी, आणि ती चावी नाल्याच्या बाजूला पूर्ण फिरवलेली. पावसाळाभर नाला दुथडी वाहिला, त्यात काय मिसळतंय हे कोण बघतो? आता पाऊस ओसरला होता, धान लोंबीवर आलं होतं, नाल्यात वाहत होतं ते निव्वळ वसतिगृहाचं पाणी. अंजू नाल्याच्या काठानं उतरत गेली, आणि साबणाचा फेस तिच्या सोबतीनं उतरत गेला.

बोडीवर म्हातारा सुकराम जाळं वाळत घालत होता. अंजूला पाहून त्यानं राम राम केला, पण नेहमीसारखं बस म्हटलं नाही.

"मासोळी कशी आहे, सुकरामबुवा?"

"मरून राहिली. सकाळी उठलं का पोटं वर." तो जाळ्यातली काडी काढत राहिला. "मासोळीचं सोड, बाई. माझी चंचल पिवळी पडली. डोळे हळदीवानी. आणखी दोन घरी पण लेकरं पडून आहेत."

चंचल त्याची नात. अंगणवाडीतली. तीच बोडी, तीच कावीळ. अंजूला तिथून पळून जावंसं वाटलं.

"दवाखान्यात नेलं का तिला?"

"नेलं ना. तुमचा ओमेश घेऊन गेला गोंदियाले, गाडीवर बसवून. तिची माय मागे बसली."

"ओमेश?"

"हो. परवा सांजी आला होता मासोळी घ्याले. पोरीले पाहिलं आन् एकदम पांढराच पडला. म्हणे, आत्ताच चला." सुकरामनं पहिल्यांदा अंजूकडे मान वर करून बघितलं. "जाताना माझ्या पाया पडला तो पोट्टा. रडून राहिला होता. मी म्हटलो, तू काऊन रडतं? तर म्हणे, बुवा, मले माफ कर. मी म्हटलो, कायची माफी? तर किक मारून निघालाच. तुले माहीत आहे का, बाई, कायची माफी?"

अंजूला माहीत होतं. ती वळली आणि थेट स्टेशनाकडे निघाली.

५

गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात ओमेश व्हरांड्यात उकिडवा बसला होता. दाढी वाढलेली, शर्टावर उलटीचे डाग. अंजूला पाहून तो उठला नाही, फक्त आणखी आक्रसला.

"पोरगी कशी आहे?"

"आज पेज खाल्ली जी. डॉक्टर म्हणते, वाचंल." आणि तो रडायला लागला. "मॅडम, पाइप मी जोडलो. चावी मीच फिरवलो. टाकी मेल्यावर हवेचा पाइपही मीच उपसलो, आवाज तेवढा राहू दिलो. पण टाकी मी नाही मारलो. माझ्या मायची आन."

"कोणी सांगितलं जोडायला?"

तो शर्टावरचे डाग खरवडू लागला.

"सरांनी?"

त्यानं मान डोलावली. मग एकेक निघत गेलं. शाळा सुरू झाली, मुलींचं पाणी आलं आणि टाकी उतू गेली, बंद खोलीत घाण वास सुटला, पडदे तुंबले. ओमेशनं सरांना सांगितलं. सरांनी नागपूरच्या कंपनीला फोन केला. कंपनी म्हणाली, जीव मेलेले दिसतात, मेले कसे ते लिहून द्या, म्हणजे नवीन पाठवू. सरांनी काही लिहून दिलं नाही. ओमेशला म्हणाले, थोडे दिवस कसंतरी निभावून ने.

"जीव मेले कधी, ओमेश? नीट आठव."

"होळीनंतर रंग उतरत गेला जी. तपकिरीचा फिक्का, फिक्क्याचा पाण्यासारखा. मी हवा बंद नाही केली एक दिवस. लाइट गेली तर जनरेटर लावलो. काही टाकलो नाही, कोणाले टाकू दिलो नाही. कुलूप माझ्याच हाती होतं. तरी मेले." त्यानं डोळे पुसले. "मले तर वाटते, माझ्याच हाताले गुण नाही."

परतीच्या पॅसेंजरमध्ये अंजूला खिडकी मिळाली. कुलूपबंद खोली. हवा चालू. कोणी काही टाकलं नाही. तरी आतले सगळे मेले. कोण आलं? कसं आलं? समोरच्या बाकावर एक बाई फडकं सोडून लेकराला भात भरवत होती. लेकरू तोंड फिरवायचं, बाई पुन्हा घास पुढे करायची. सालेकसा गेलं, दोन्ही बाजूंनी जंगल सुरू झालं, मोहाची झाडं मागे पडू लागली. होळीनंतर, चुन्नीलाल म्हणाला. होळीपासून, धुरपताबाई म्हणाली. होळीनंतर, ओमेश म्हणाला.

होळीनंतर मोह गळतो.

अंजू ताडकन उभी राहिली. समोरच्या बाईनं दचकून लेकराला जवळ घेतलं. खून करायला त्या खोलीत कोणी आलंच नव्हतं. यायचं होतं ते आलं नव्हतं, म्हणून ते मेले.

६

हेमराज सर शाळेच्या ओट्यावर एकटेच बसले होते. अंजू समोर उभी राहिली, खुर्ची तिनं घेतली नाही.

"सर, होळी झाली की आपल्या मुली कुठं जातात?"

सरांनी वर बघितलं, आणि त्यांना सगळं कळलं.

"मोहफुलं वेचायला घरी जातात," अंजूच बोलत राहिली. "मोह संपला की तेंदूपत्ता. तो संपला की उन्हाळ्याची सुट्टी. पाऊस लागेपर्यंत वसतिगृहात राहतात त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पण वरून फोन आला की आपण काय सांगतो? सगळ्या मुली हजर आहेत. तुम्ही सांगता, मीही सांगते. नाही सांगितलं तर पट कमी दिसेल आणि वसतिगृह बंद होईल. कंपनीनंही तेच धरलं, मुली आहेत, पाणी येतंय. मुली नाहीत तर संडासात पाणी नाही, मोरीत नाही. टाकीत येणार काय? ओमेश त्यांना हवा देत राहिला आणि खायला कोणी काही दिलं नाही. भुकेनं मेले ते, सर."

"मले माहीत आहे," सर हळूच म्हणाले. "तो कंपनीवाला फोनवर म्हणला, 'सर, मुली होत्या ना तिथं? मग उपाशी तर मेले नसतील.' तवाच मले उमगलं. लिहून देऊ तर का देऊ? मुली नव्हत्या म्हणू?"

"म्हणून ओमेशच्या नावावर डबा ठेवलात."

"त्याले समज देऊन सोडतील. दुसरीकडे काम भेटंल त्याले. मॅडम, माझं रिटायरमेंट आलं, मले का करायचं आहे? या पोरींसाठीच करून राहिलो मी." ते खोटं बोलत नव्हते, आणि हेच वाईट होतं. "तुमी फक्त गप्प राहा. नवीन जीव येतील, टाकी चालंल, रीना दहावी काढंल."

"आणि पुढची होळी?"

सर उठून आत गेले.

अंजू रविवारभर स्वतःशी भांडली. गप्प राहिलं तर वसतिगृह राहतं, आणि मोह गळायला लागला की टाकी पुन्हा उपाशी मरते. मेली की पुन्हा चावी फिरते, पुन्हा बोडी, पुन्हा कोणाची तरी चंचल. खरं सांगितलं तर टोल्याची लेकरं वाचतात आणि तिच्या मुली जातात. दोन्ही बाजूंना लेकरंच होती. संध्याकाळी रीना गणिताची वही घेऊन आली, "मॅडम, हे सुटत नाही," म्हणाली, आणि अंजूनं तिला जवळ बसवून ते उदाहरण सोडवून दिलं. रीना गेल्यावर ती उशीत तोंड खुपसून रडली.

सोमवारी समिती आली. प्रमुख होते शालीकराम साहेब, मवाळ बोलणारे, डोळ्यांवर जाड चष्मा. सरांनी डबा पुढे केला. अंजूनं तो बाजूला सारला, साहेबांना टाकीपाशी नेलं आणि एकेक दाखवत गेली. सायीवरचं गवत, डाग नसलेलं सिमेंट, बादलीतलं तांबूस कडं, तरोट्यातला पाइप, नाल्याकडे फिरलेली चावी. शेवटी मोह सांगितला. ओमेशनं पाइप जोडला, पण त्याला तसं सांगितलं गेलं होतं, आणि मारलं त्यानं कोणालाच नाही, हेही सांगितलं. सर खाली मान घालून ऐकत होते. एकदाही त्यांनी नाही म्हटलं नाही.

"मग उपाय फार अवघड नाही, साहेब," अंजू म्हणाली. "मुली नसतील तेव्हा टाकीला गूळ, भाताचं पसावण, काहीतरी घालायचं. एक माणूस नेमा. मोहाच्या दिवसांत मुली जाणारच, तेवढी सूट द्या. एवढंच पाहिजे."

शालीकराम साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मॅडम, तुम्ही खरं बोललात, फार बरं वाटलं. असं कोणी बोलत नाही." त्यांनी चष्मा परत घातला. "पण मी आता हे ऐकलं नाही, असं कसं करू? तीन-चार महिने मुलीच नसतात, तर वसतिगृह कोणासाठी चालवायचं, असं मला वर विचारतील. मी काय सांगू?"

७

आदेश दिवाळीच्या आधीच आला. मुलींची सोय दूरच्या शाळेत. ज्यांना जायचं त्यांनी जावं.

बऱ्याच जणी गेल्या नाहीत. रीनाचा बाप दरेकसाहून आला, पत्र्याची पेटी त्यानं खांद्यावर घेतली. अंजूनं त्याला पुन्हा पुन्हा समजावलं, तो हो हो म्हणत राहिला. "एवढ्या दूर पोरीले कोण पाहाले जाईल, मॅडम?" एवढंच शेवटी म्हणाला. रीना रडली नाही. ती अंजूकडे बघतच नव्हती. कोणामुळे झालं हे मुलींना कळलं होतं. फाटकातून बाहेर पडताना तिनं वळून विचारलं, "तुमाले सांगाची का गरज होती?" आणि उत्तराला थांबली नाही.

ओमेशवर गुन्हा नोंदला गेला नाही, पण त्याचं काम गेलं. सर सुट्टीवर गेले ते निवृत्तीपर्यंत आलेच नाहीत. चंचल घरी आली, काटकुळी झालेली. सुकराम एकदा मासोळी घेऊन आला. बोडी साफ झाली, म्हणाला. वरून पाणीच येत नव्हतं, साफ होणारच. त्यानं मासोळी ओट्यावर ठेवली, रिकाम्या खोल्यांकडे बघितलं आणि वाट धरली.

मग एका दुपारी नागपूरहून टँकर आला.

अंजू सामान मोजून द्यायला मागे राहिली होती, आणि धुरपताबाईला कुठं जायचं नव्हतं म्हणून ती राहिली होती. टँकरवाल्यानं टाकी धुतली, पडदे बदलले, आणि दाट तपकिरी गाळ सोडला. हवा सुरू झाली, पाणी खळखळायला लागलं. ओल्या मातीचा वास आला.

"आता हे कशाला?" अंजूनं विचारलं. "वसतिगृह बंद झालं."

"ते आमाले माहीत नाही. टाकी सुरू करून द्याची, असा हुकूम आहे. जिवंत आहेत सगळे, चांगले आहेत. सही करा."

"यांना खायला कोण घालणार?"

त्यानं तिच्याकडे चमत्कारिक नजरेनं बघितलं. तिनं सही केली.

त्या संध्याकाळी तिनं शालीकराम साहेबांना फोन केला. टाकी चालू राहिली तर पुढच्या वर्षी वसतिगृहाचा विचार होईल का? साहेब मवाळपणे म्हणाले, प्रस्ताव पाठवा, टाकी चालू असेल तर बघू. बघू म्हणजे काय हे अंजूला कळत होतं. तरी तिनं धुरपताबाईला मोठं पातेलं चुलीवर ठेवायला सांगितलं.

"कोणासाठी वो, मॅडम?"

"टाकीसाठी."

बाईनं वाद घातला नाही. कोठीतला तांदूळ सरकारी गाडी घेऊन गेली होती, म्हणून अंजूनं आपल्या घरचा काढला. रोज दोघी मिळून भात शिजवायच्या, मऊ करून पाण्यात कालवायच्या आणि बादल्यांनी टाकीत ओतायच्या. गुळाचे खडे विरघळवून घालायच्या. वसतिगृहभर मुलींच्या पोटाला पुरायचं तेवढं दोन बायकांच्या घरातून निघत नाही, हे अंजू रोज बादली रिकामी करताना मनात म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरायची. सुकरामच्या टोल्यातून कोणीतरी कण्या आणून दिल्या. चुन्नीलालनं मिलमधला कोंडा एकदा पाठवला, नंतर नाही.

तपकिरी रंग थोडे दिवस टिकला. मग एका सकाळी धुरपताबाई काठावर उभी राहून आत बघत होती. पाणी फिक्कट दिसत होतं. तिनं अंजूकडे बघितलं.

"आज का टाकू, मॅडम?"

अंजूनं डब्यात हात घातला. तांदूळ संपला होता.